मेर्वानच्या मागे ओतलेलं पाणी

ऐक ना... आधी तो फोन बाजूला ठेव. मध्ये बोलायचं नाही. आणि हसायचं तर अजिबात नाही.

हे खरं घडलंय. झेलाल माझ्या मावशीची मुलगी, तिने स्वतः मला सांगितलंय. सांगताना माझा हात इतका घट्ट धरला होता तिने की नखं रुतली.

गेल्या ऑगस्टमध्ये. इथेच, आपल्या चाल्दिरानात.

झेलालचा मोठा भाऊ मेर्वान तुला आठवत असेल. उंच, दाढी धड न आलेला, सतत कुणाची तरी टर उडवणारा. त्याला तुर्कस्तानच्या पार दुसऱ्या टोकाला, इझमिरला बांधकामावर काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची बस. आणि त्याचं एकच टुमणं, "जायच्या आधी आगिरी डोंगराला एक चक्कर मारून येऊ."

अपो तेमो, त्यांचा काका, तो काय, गाडी काढायला निमित्तच शोधत असतो.

झेलालची आई म्हणाली, "तुम्ही जा. मला तंदूर पेटवायचाय, उद्या याच्या सोबत रोट्या द्यायच्यात."

म्हणून तिघंच निघाले. मेर्वान, झेलाल आणि अपो.

तेंदुरेकचा घाट, दोन्ही बाजूंना तो काळा, जळका लाव्हा, खिडक्या उघड्या, सूर्यफुलाच्या बिया फोडत मस्त चालले होते. वळण घेतल्यावर समोर आगिरी दिसला. माथ्यावर बर्फ, पोटात विझलेली आग.

"झोपलाय म्हातारा," मेर्वान म्हणाला.

"हळू बोल," अपो म्हणाला. "तुझ्या आवाजाने तर मेलेलं गाढवही उठेल."

डोंगराच्या पायथ्याला ती बर्फाची गुहा आहे ना, तिथे थांबले. बाहेर असं ऊन की गाडीच्या टपावर अंडं शिजावं. आणि गुहेच्या पायऱ्या उतरलं की दात वाजतात. अपोचे गुडघे दुखत होते, तो वरच सावलीत पसरला.

"ताकात घालायला बर्फ आणा रे," त्याने रिकामा कॅन मेर्वानच्या हातात दिला.

खाली दोघंच.

वरून थेंब पडत होते... टप्... टप्... बाकी कसलाच आवाज नाही.

मेर्वान पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. तिथला बर्फ पांढरा नव्हता. काळा होता, काचेसारखा. स्क्रूड्रायव्हर काढून तो बर्फ फोडायला लागला.

ठक. ठक-ठक.

ठक. ठक-ठक.

मग तो थांबला.

आणि...

ठक. ठक-ठक.

"केको... ऐकलंस?" झेलालने दादाला हाक मारली.

"काय?"

"तू थांबलास. आवाज नाही थांबला."

"आवाज घुमतो गं गुहेत, मेंढरा!" तो हसला आणि मुद्दाम एकदाच ठोकलं. ठक.

उत्तर आलं... दोनदा.

भिंतीच्या आतून.

झेलालने टॉर्च वर केला. काळ्या बर्फात मेर्वानचं प्रतिबिंब दिसत होतं. मेर्वान तुकडे उचलायला खाली वाकला. प्रतिबिंबही वाकलं.

पण जरा उशिरा.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं... वरून थेंब पडायचे थांबले होते. एकही नाही. जणू सगळी गुहा श्वास रोखून ऐकत होती.

ती मागे न बघता पायऱ्या चढून पळाली. मागून मेर्वान कॅन भरून आला, वर येऊन अपोसमोर तिची नक्कल करून दाखवली. अपो हसून हसून खोकायला लागला.

संध्याकाळी घरी निरोप द्यायला शेजारीपाजारी आले, चहावर चहा झाले. ताकाची आठवण कुणालाच राहिली नाही. कॅन तसाच दाराशी. बर्फ रात्रभर वितळत राहिला.

सकाळी मेर्वान निघाला. अपो त्याला बसपर्यंत सोडणार होता. बॅग गाडीत, रोट्या पिशवीत, आई डोळे पुसतेय. तिने तांब्याचा वाडगा घेतला, कारण आपल्यात माणूस प्रवासाला निघाला की मागे पाणी ओततातच, तो सुखरूप परत यावा म्हणून. पाणी न ओतता कुणी पाठवतं का?

नळ सोडला. कोरडा.

बादल्या पाहिल्या. आदल्या रात्रीची भांडी घासण्यात सगळं पाणी संपलेलं.

अपोने हॉर्न वाजवला.

आईची नजर कॅनवर गेली.

"दाये, ते नको," झेलाल आईला म्हणाली. "ते... गुहेतलं आहे."

"मग काय झालं? पाणी ते पाणी! पोरगा चाललाय माझा, आणि ही इथे वाद घालतेय."

आणि गाडी हलताच तिने वाडगा भरून मागे ओतला. "जा राजा, आणि परत ये," असं म्हणत. दुसरा वाडगा. तिसरा. कॅन रिकामा झाला.

आपल्याकडे ऑगस्टमध्ये रस्त्यावर पाणी किती वेळ टिकतं, सांग बघू?

ते सुकलंच नाही.

दुपार झाली तरी काळा ओला डाग तिथेच. झेलालने चप्पल काढून अंगठा लावून पाहिला...

वर बर्फाचा पापुद्रा धरला होता. भर उन्हात.

ती घरात आली, दार लावलं. आईला काही सांगणार, तेवढ्यात...

ठक. ठक-ठक.

दारावर.

आईने दार उघडलं आणि किंचाळलीच. आनंदाने.

"मेर्वान! अरे, असा कसा परत आलास?"

"बस चुकली," तो म्हणाला.

तोच शर्ट. तीच विरळ दाढी. पण बॅग नव्हती. रोट्यांची पिशवी नव्हती.

"बघितलंस?" आई झेलालला म्हणाली. "पाण्याने आणला माझ्या लेकराला परत! ये, बस. किती गार पडलायस रे!"

तो बसला. आईने चहा दिला. त्याने ग्लास हातात घेतला आणि चहाची वाफ गेली. लगेच. फुंकर मारून विझवल्यासारखी.

वाफ येत होती ती त्याच्या तोंडातून. प्रत्येक श्वासाला. जानेवारीत आपल्या तोंडातून येते ना, तशी.

"केको," झेलाल हळूच म्हणाली, "मला मेंढरू म्हण ना."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"मेंढरू," तो म्हणाला. पण जरा उशिरा.

आणि तिच्या हातातला फोन वाजला.

स्क्रीनवर नाव... मेर्वान.

ती स्वयंपाकघरात पळाली. कानाला लावला. मागे बसचं इंजिन, कुणाचं तरी रडणारं बाळ, गाणी.

"काय गं मेंढरा, मी पोहोचायच्या आधीच माझी खोली बळकावलीस की नाही?"

तिला हुंदका फुटला. "केको... तू कुठे आहेस?"

"बसमध्ये, आणखी कुठे! ड्रायव्हर असा चालवतोय जसं मागे पोलीस लागलेत. पण ऐक ना, मला कसंतरीच होतंय. सगळे घामाने निथळतायत आणि मला... मला थंडी वाजतेय गं. पाय ओले झाल्यासारखे वाटतायत."

झेलालने दारातून बाहेर पाहिलं.

आई त्याच्या अंगावर मेंढीच्या लोकरीची रजई घालत होती. मांडीवर गरम सूपचा वाडगा. तो प्यायला. एक घोट...

"आई गं," फोनवर मेर्वान कळवळला.

दुसरा घोट. समोरच्या त्याच्या गालावर लाली आली.

फोनवर दातांचा आवाज यायला लागला. कट्कट्कट्कट्...

तिसरा घोट. समोरच्याच्या तोंडातली वाफ कमी झाली.

आता तुला कळलं ना काय चाललं होतं? झेलालला कळलं. हा जितका उबेत येत होता, तितका तो गोठत होता.

फोनवर दुसराच आवाज आला, बसच्या पोऱ्याचा. "ताई? तुमचा भाऊ निळा पडलाय हो! आम्ही बस थांबवलीय, ॲम्ब्युलन्स बोलावलीय. याला काही आजार आहे का?"

झेलालने स्पीकर लावला आणि फोन आईसमोर धरला.

"बोल, केको. दायेशी बोल."

"दाये..." फोनमधून आवाज आला, तुटक तुटक. "दाये, खूप थंडी वाजतेय."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

"दाये," रजईतला म्हणाला. अगदी त्याच आवाजात. "मी इथे आहे ना. अजून थोडं वाढ."

आई एकदा फोनकडे बघे, एकदा त्याच्याकडे. झेलाल म्हणते, तेवढ्यात तंदुरातला निखारा फुटला.

मग आईने पळी खाली ठेवली. त्याच्या अंगावरची रजई हळूहळू काढली. त्याच्या केसांवरून हात फिरवला. ते ओले होते.

"कुर्बान जाऊ तुझ्यावर," ती म्हणाली, "तू माझा नाहीस. ऊठ."

तो रडायला लागला. अगदी लहान मुलासारखा.

"पण बोलावलंस तर तूच ना," तो म्हणाला. "पाणी तूच ओतलंस."

आई मटकन खाली बसली.

अपो तेमो तोवर येऊन दारात उभा होता. आपण ज्याला स्वतःच्या हाताने बसमध्ये बसवून आलो, तो समोर बसलेला बघून त्याच्या तोंडून फक्त "वल्ला..." एवढंच निघालं.

"अपो, गाडी काढ," झेलाल म्हणाली. "गुहेकडे. आत्ताच्या आत्ता."

रजईतला तो काहीच विरोध न करता मागच्या सीटवर जाऊन बसला. झेलाल अपोच्या शेजारी.

घाटात पोहोचेपर्यंत गाडीच्या काचा आतून पांढऱ्या पडल्या. अपो बाहीने पुसतोय, पुन्हा पांढऱ्या. वाफ नव्हती ती. खरवडली तर नखात बर्फ येत होता.

फोन चालूच होता. "श्वास घेतोय... पण फार हळू," पोऱ्या सांगत होता. "ॲम्ब्युलन्स येतेय, ताई, येतेय..."

आणि मागून, सीटच्या पाठीवर...

ठक. ठक-ठक.

उन्हं उतरता उतरता ते गुहेशी पोहोचले. तिथे कुणीच नव्हतं. तो आपणहून उतरला, गुहेच्या तोंडाशी गेला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

आणि थांबला.

"जा ना," झेलाल ओरडली. "जा!"

तो वळला. डोळे मेर्वानचेच... अरे, काय सांगू तुला, अगदी मेर्वानचेच. पापण्यांवर बर्फ जमलेला.

"माणूस निघाला की मागे पाणी ओततात ना?" तो म्हणाला. "माझ्यामागे ओत. मग जातो."

अपो पुटपुटला, "झेलाल, नको. ऐक माझं. ओतलंस तर हा परत येईल."

फोनवर पोऱ्या ओरडत होता, "ताई, याचा श्वास चालत नाहीये! ताई, ऐकताय का?"

तो पायरीवर उभा. हलायला तयार नाही. हात पुढे करून वाट बघत, जसं एखादं लहान पोर खाऊची वाट बघतं.

गाडीत अपोची पाण्याची बाटली होती. आदल्या दिवशीच झेलालच्या घरून भरलेली.

झेलालने ती उघडली.

"पोरी, विचार कर!" अपोने तिचं मनगट धरलं. तिने हिसडा दिला.

आणि ओतलं. सगळी बाटली. त्याच्या पाठीमागे, पायऱ्यांवर.

तो हसला. पायऱ्या उतरून गेला. आतल्या अंधारात शेवटी फक्त त्याचा शर्ट दिसला, मग तोही नाही.

खाली थेंब पडायला लागले. टप्... टप्...

फोनवर कुणीतरी जोरात खोकलं. मग मेर्वानचा आवाज, "अरे, माझे बूट कुणी काढले?"

मेर्वान ठीक आहे आता. इझमिरलाच आहे. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे, ऑगस्टमध्ये बर्फाने पायाची बोटं काळी पडलेला पेशंट आम्ही कधी पाहिला नाही. दोन बोटं कापावी लागली. तो त्यावरही विनोद करतो.

पण झेलाल...

ती आता घराबाहेरच्या रस्त्याकडे बघत बसते. सुकलाय, की अजून ओला आहे. पाऊस पडला की तिचं काही खरं नसतं. मेर्वान सुट्टीला येतो म्हणाला तर ती म्हणाली, येऊ नकोस. कारण तो येऊन दार वाजवेल, तेव्हा ती कुणाला दार उघडणार?

आई तिच्याशी नीट बोलत नाही. परवा फक्त एवढंच म्हणाली, "बिचारा किती गारठला होता गं."

आणि झेलालने पाणी ओतलंय. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरचं. तो येणार. आज नाही तर उद्या, पण येणार.

मी तिला विचारलं, का ओतलंस? तर तिने मलाच उलटा प्रश्न केला. रात्रभर झोप नाही मला.

म्हणून तुला विचारायला आलो... खरं सांग. फोनवर भाऊ मरतोय, आणि समोर तो हात पुढे करून उभा आहे.

तू काय केलं असतंस?