न हलवलेली पूजा

भुतं रात्रीच येतात असं ज्यानं कोणी ठरवलं, त्यानं अमेरिकेतल्या ग्रंथालयाचं तळघर पाहिलेलं नसणार. तिथे रात्र नसते, दिवसही नसतो. छताला ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफेक नळ्या, सगळ्या एका सुरात गुणगुणणाऱ्या, आणि खाली असा उजेड की माणसाला स्वतःची सावलीसुद्धा सापडू नये. ही गोष्ट त्या उजेडातली. भर दुपारची. तेव्हा तो समोरचा दिवा ठेवायचा तर ठेवा, मालवायचा तर मालवा. त्यानं काही फरक पडणार नाही.

२००४ सालचा ऑक्टोबर. स्टेट कॉलेज नावाच्या त्या अमेरिकन गावात थंडी पडायला लागली होती. सांगलीचा देवदत्त सकाळच्या बससाठी निघाला, तेव्हा त्याच्या एका खिशात फिल्म रोलची काळी डबी होती, डबीत आईनं दिलेलं कुंकू. दुसऱ्या खिशात शेजारच्या म्हातारीच्या कुंडीतलं झेंडूचं फूल, विचारून घेतलेलं नव्हे.

"स्कॅनरची पूजा?" त्याचा रूममेट यतीन सीरियलचा चमचा तोंडात धरून म्हणाला. "यार, मग मायक्रोवेव्हनं काय घोडं मारलंय? रोज आपल्याला तोच जेवायला घालतो."

"आज खंडेनवमी आहे. ज्याच्यावर माझी फी भरली जाते त्याला एक फूल वाहिलं तर तुझं काय जातंय?"

यात थट्टा नव्हती. देवदत्तच्या गाईडची ग्रँट उन्हाळ्यात संपली होती. आता ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या वस्तू स्कॅन करून संगणकावर चढवायच्या, त्याबदल्यात विद्यापीठ त्याची फी भरणार. नोकरी गेली की फी गेली, फी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की थेट सांगली. वडील स्टँडवर न्यायला येतील आणि वाटेत एक शब्द बोलणार नाहीत.

तळघराची प्रमुख होती बेट्सी हॉफमन. साठीची, उंच, गळ्यात साखळीला चष्मा. ती देवदत्तला 'डेव' म्हणायची. तिचा एकच नियम होता: चित्रात माणसाचं बोट दिसता कामा नये. पान धरता धरता स्कॅन करणाऱ्याचा अंगठा कडेला उमटतो, तसं एकही चित्र दिसलं की रद्द.

आणि काय काय होतं तिथे! देवदत्तला वाटलं होतं, पुस्तकं असतील. पुस्तकं होतीच, पण त्याशिवाय शेतकऱ्यांनी रोज सकाळी पावसाचं माप लिहून पाठवलेली कार्डं, कागदावर चिकटवलेली वाळकी रानफुलं, काचेवरची छायाचित्रं, कोळशाच्या खाणींचे नकाशे, डुकरांच्या तापावरचे प्रबंध, चर्चमधल्या गाण्यांच्या तबकड्या. कोणी एका शेणकिड्यावर सारा जन्म घालवलेला, तर कोणी नुसतं नदीचं पाणी मोजण्यात. कपाट उघडलं की सांगलीचा हा गडी मिनिटभर तसाच उभा राहायचा. एवढी माणसं एवढ्या गोष्टी बघत बसली होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

दुपारी हॉफमनबाई जेवायला गेल्या. देवदत्तनं स्कॅनरच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलं, चार तांदूळ ठेवले, वर झेंडू. मंत्र म्हणायला लागला आणि अडला. कोणत्या देवतेला बोलवायचं? सरस्वती म्हणावं तर हे यंत्र, विश्वकर्मा म्हणावं तर आत कागद. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि मनापासून म्हटलं, "इथे जी कोणी असेल, तिला आवाहयामि."

नळ्यांची गुणगुण थांबली. एक क्षणच. मग पुन्हा सुरू.

तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज. देवदत्तनं फूल, तांदूळ सगळं मुठीत कोंबून खिशात घातलं, बाहीनं कुंकू पुसलं आणि शहाण्यासारखा कामाला बसला. उत्तरपूजा राहिली ती राहिलीच.

सोमवारी हॉफमनबाईंनी त्याला बोलावलं.

"डेव, हे तुझं बोट का?"

पडद्यावर पावसाचं एक कार्ड होतं. त्याच्या डाव्या कडेवर एक हात. म्हातारा, शिरा वर आलेला, अंगठीच्या बोटाचं टोक तुटलेलं. आणि पहिल्या बोटाच्या अग्रावर लाल ठिपका.

"माझं नाही," देवदत्त म्हणाला. त्यानं दोन्ही हात पुढे केले. "माझी बोटं... हे बघा, पूर्ण आहेत."

बाईंनी दुसरं चित्र उघडलं. रानफुलाचा कागद. तोच हात. तिसरं, काचेवरचं छायाचित्र. तोच हात, बोटावर तोच ठिपका.

"हे तिसरं २००१ मध्ये स्कॅन केलेलं आहे," बाई हळू बोलल्या. "तू तेव्हा अमेरिकेत होतास?"

"नाही."

"म्हणजे जुन्या फायलींत कोणीतरी हात घातलाय." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी चष्मा काढला. "शुक्रवारी ग्रँट देणारी मंडळी बघायला येताहेत. तोपर्यंत हे साफ झालं नाही, तर जानेवारीत मी तुला ठेवू शकणार नाही. मनात असलं तरी."

देवदत्तनं दिवसभर हात कापले. चित्राची कड कापायची, फाइल सेव्ह करायची, पुढची. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर सगळे हात जागच्या जागी. आणि तळघरात एक वास. तो त्याला चांगला ठाऊक होता. कृष्णेचा पूर ओसरल्यावर घरात जो राहतो, भिंतींतून महिनाभर येतो, तो.

संध्याकाळी यतीननं सगळं ऐकून घेतलं. एरवी त्याच्याकडे कशावरही विनोद असायचा. आज तो म्हणाला, "घरी फोन लाव."

कॉलिंग कार्डाचे आकडे दाबता दाबता दोनदा चुकले. वडिलांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पूजा हलवलीस का?"

"नाही बाबा. राहिली."

"मग? पाट मांडून बोलावलंस आणि उठा म्हणालाच नाहीस. पाहुणा आपला आपण कसा उठेल?" मग ते म्हणाले, "पण आधी बघ, तिला काय हवंय. पाटावर बसलेल्याला उपाशी उठवू नये."

तेव्हा बुधवारी देवदत्तनं कापणं बंद केलं आणि पहिल्यांदाच तो हात नीट पाहिला. हात आड येत नव्हता. कुरळं झालेलं पान कोणी दुसऱ्यासाठी दाबून धरावं, तसा तो कड दाबून होता. आणि लाल ठिपक्याचं बोट काहीतरी दाखवत होतं. कार्डावर कोपऱ्यातली तारीख. फुलाच्या कागदावर खालची तारीख. नकाशावर, काचेवर, तबकडीच्या पाकिटावर. सगळीकडे एकच: अकरा एप्रिल, एकच जुनं साल, आणि एकाच खेड्याचं नाव. हॅना मिल्स.

त्यानं ती सगळी चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी मांडली. वेळेनुसार लावली. आणि बसल्या जागी त्याच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसला.

एक आख्खा दिवस उठून उभा राहिला होता. सकाळी कोणा शेतकऱ्यानं पावसाचं माप वाचून शेरा लिहिला होता, 'बर्फ भराभर वितळतंय.' मग कोणी धरणाची भिंत मोजून नकाशावर पेन्सिलीनं एक बारीक चीर काढली होती. त्यानंतर कोणा बाईनं ओढ्याकाठचं पांढरं फूल खुडलं होतं. छायाचित्रकारानं चर्चच्या पायऱ्यांवर मुलांना उभं केलं होतं. एक मुलगी हलली म्हणून तिला तोंड नव्हतं, नुसता धूर. मग तीच मुलं चर्चमध्ये गायली होती आणि एका प्राध्यापकानं ते तबकडीवर धरलं होतं.

आणि मग काहीच नाही. दुपारनंतर त्या गावातून कागदाचा कपटाही बाहेर आलेला नव्हता.

देवदत्तनं तबकडीची फाइल लावली. खरखर... मुलांचे उंच, किंचित बेसूर आवाज... छपरावर पाऊस. गाणं संपलं. फाइलही संपली, पडद्यावरची पट्टी शेवटाला जाऊन थांबली.

पाण्याचा आवाज मात्र थांबला नाही.

तो वाढत गेला. भिंतीपलीकडून, फरशीखालून, दुरून येणाऱ्या आगगाडीसारखा. नळ्या थरथरल्या. आणि मागून कोणीतरी त्याचा खांदा घट्ट धरला.

हॉफमनबाई होत्या. त्यांची नजर पडद्यावर होती.

"ऐकू येतंय ना तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"हो..." त्या पुटपुटल्या. "तो हात मी ओळखते, डेव. कागद कापायच्या सुरीनं बोट गेलं होतं. मिस आल्डा रीस्ट. मी इथे लागले तेव्हा ती खूप म्हातारी होती. हा सगळा संग्रह तिनं जमवला."

"त्या हॅना मिल्सच्या?"

"ते फूल तिनंच खुडलं होतं. कॉलेजला द्यायला म्हणून दुपारच्या गाडीनं निघाली. मागे धरण फुटलं. घरात कोणी उरलं नाही." पाण्याचा आवाज हळूहळू ओसरत होता. "मग जन्मभर ती त्या दिवसाचं जे मिळेल ते आणत राहिली. पण नियम असा की फूल फुलांच्या कपाटात, हवामान हवामानाच्या, नकाशा नकाशांत. तिचं गाव आम्हीच कपाटाकपाटांत वाटून टाकलं. ती मला म्हणायची, 'बेट्सी, एकदा तरी सगळं एका टेबलावर ठेवू दे.' एवढं मोठं टेबल नाही, असं मी तिला सांगितलं होतं."

दोघंही पडद्याकडे बघत राहिले. तिथे आता ते टेबल होतं.

शुक्रवारी पाहुण्यांना तेच दाखवलं. अकरा एप्रिल, हातांसकट. पाहुण्यांतल्या एका जाड्या गृहस्थांनी रुमाल काढून डोळे पुसले. जाताना दारात म्हणाले, "या मुलाला सोडू नका." हॉफमनबाईंनी नियम मोडला आणि देवदत्तची फी वाचली.

ते गेल्यावर देवदत्तनं झेंडूचं नवं फूल आणलं, यावेळी विचारून. बाईही शेजारी उभ्या राहिल्या, हात कसे जोडायचे ते त्याच्याकडे बघून. त्यानं अक्षता वाहिल्या, स्कॅनर उत्तरेकडे तसूभर सरकवला आणि म्हणाला, "पुनरागमनाय च."

"म्हणजे काय?"

"आता जा, पण परत या."

बाईंनी जोडलेले हात खाली घेतले. "डेव, तो शेवटचा भाग म्हणायलाच हवा होता का?"

"पद्धत आहे," देवदत्त म्हणाला.

त्याच वेळी पडद्यावरून हात गेले. एकेका चित्रावरून, वाळूवरून पाणी मागे सरावं तसे. वासही गेला.

पुढे देवदत्तची पीएचडी झाली, चँडलरला नोकरी लागली, अंतराशी लग्न झालं. चँडलर म्हणजे अमेरिकेतलं वाळवंट. तिथे अंगणात खडी घालतात आणि तिला बाग म्हणतात. २००८ च्या जानेवारीत सासरेबुवांनी पुण्याहून मराठी कॅलेंडर पाठवलं. तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना सणवार कळावेत म्हणून अंतरा एकेक पान घरच्या स्कॅनरवर टाकत होती.

"अहो, जरा इकडे या ना," तिनं हाक मारली. "एप्रिलच्या पानावर हे काय आलंय? माझा हात तर नाही."

देवदत्त उठला नाही. बसल्या जागेवरूनच विचारलं, "अकरा तारखेवर आहे का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं? त्या दिवशी एक जयंती सोडली तर काही नाहीये, मी बघितलं. सण नाही, उपास नाही." मग तिनं झाकण उचललं आणि पदराच्या टोकानं काच पुसायला लागली. पुसली, पुन्हा पुसली.

"काय झालं?"

"पाणी आहे हो," अंतरा म्हणाली. "पण पुसलं जात नाहीये... आतल्या बाजूनं आहे."