एका दिवसाची पाहुणी

जिन्याच्या कठड्याखाली बोट फिरवून तिनं ते डोळ्यांपुढे धरलं. धुळीचा कण नाही! आणि वर पाहिलं, तर वळणावर तो उभा. उंच, कोटातला, आणि तिच्या बोटाकडे असा बघत होता, जणू ते बोट नसून चोरीचा माल आहे.

"काही… हरवलंय का?"

"नाही! मी आपली… कठडा बघत होते. छान आहे. कठडा."

छान आहे, कठडा! या शंभर वर्षं जुन्या जिन्यानं आपल्याला इथंच गिळावं, असं तिला वाटलं. ती धूम पळाली. जाड गालिच्यावर पावलं वाजत नव्हती, पण छाती मात्र ढोलासारखी वाजत होती.

भीती काही आत्ताची नव्हती. शहरातल्या या सगळ्यात जुन्या, सगळ्यात महागड्या हॉटेलात ती उतरली होती खरी, पण उद्यापासून ती इथल्याच खोल्या आवरणार होती. नव्या माणसानं आधी एक दिवस पाहुणा म्हणून राहायचं, ही इथली रीत.

"गादीवर झोपल्याशिवाय चादर घालायला येत नाही," असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. नवी माणसं त्यांच्याच हाताखालून जायची. "अट एकच. उद्या सकाळपर्यंत कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. आमचं एक माणूस तुझ्यावर नजर ठेवून असेल. कोण, ते विचारू नकोस. हात लावलास, की आल्या पावली घरी."

आणि घरी कुठल्या तोंडानं जायचं? आधीच्या दोन नोकऱ्या महिनाभरही टिकल्या नव्हत्या. निघताना बाबा हात जोडून म्हणाले होते, "बाई गं, या वेळी तरी टिक." आईनं एवढंच सांगितलं, "काही फोडू नकोस."

म्हणजे तो कोटवाला… तोच तो नजर ठेवणारा! नक्की!

संध्याकाळच्या चहाला हॉल गच्च भरला होता. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली, तर समोर पुन्हा तोच.

"दुसरीकडे जागा नाही. बसू?"

नाही म्हणायची हिंमत कुणाची? तो बसला. त्यानं बशीतला पाव उचलला, बोटानं दाबला, मोडला आणि चक्क हुंगला! झालं. पावाला मार्क देतोय. पुढचा नंबर आपला.

"तुम्हाला इथं सगळ्यात जास्त काय आवडलं?" त्यानं हळूच विचारलं.

आली परीक्षा! "स्वच्छता," तिनं घडाघडा म्हणून टाकलं, "आणि सेवेतली तत्परता."

"आणि माणसं?"

"माणसंपण… स्वच्छ आहेत."

त्याला चहाचा ठसका लागला. हसला तेव्हा त्याच्या एकाच गालाला खळी पडली. डाव्या. दुसरीला जणू रजा दिलेली.

"तुम्ही नेहमी अशाच घाबरलेल्या असता?"

"मी? चमचा तर तुमचा वाजतोय बशीवर!"

खरंच वाजत होता. त्यानं घाईनं हात मांडीवर घेतला आणि कानापर्यंत लाल झाला. परीक्षकाचा हात कशाला थरथरेल? पण विचार करायला डोकं होतंच कुठं… ते त्या खळीत अडकलं होतं. कोटाच्या बाह्या त्याला आखूड होत्या, हेसुद्धा तिला उगाचच गोड वाटलं. आणि म्हणूनच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला!

म्हाताऱ्या वेटरकाकांचा पाय गालिच्यात अडकला होता. अख्खा ट्रे जमिनीवर. लोकांनी आपापले पाय तेवढे मागे घेतले. काका गुडघ्यांवर बसून काचा शोधत होते.

बस. खाली बस. तो बघतोय. बाबांनी हात जोडलेत, आठव… असं स्वतःला बजावेपर्यंत ती गुडघ्यांवर पोचलीसुद्धा होती!

ठण्ण! तिचं डोकं कुणाच्या तरी डोक्यावर आपटलं.

समोर तोच. मुठीत काचा, बोटातून रक्त.

"तुम्ही का वाकलात?" दोघांनी एकदमच विचारलं.

तिनं रुमाल काढून त्याच्या बोटाला बांधला. गाठ काही केल्या बसेना. "लिहून टाका आता," ती पुटपुटली. "गेली माझी नोकरी. परीक्षक ना तुम्ही?"

"मी? मला तर वाटलं, तुम्ही! कठड्याखालची धूळ कोण तपासतं?"

"आणि पाव कोण हुंगतं?"

"उद्यापासून इथं पाव भाजणारा."

तिला हसू फुटलं, आणि तिथंच विरलं. वर सज्ज्यात मोठ्या बाई उभ्या होत्या. बघत.

सकाळी दोघं मोठ्या बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"नोकरीची भीती वाटतेच," तो म्हणाला, "पण त्याहून जास्त… आत्ता दोघांना हाकललं, तर तू राहतेस कुठं, तेपण मला माहीत नाही."

ती उत्तर देणार, तोच दार उघडलं.

"अट काय होती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हात लावायचा नाही."

"पुन्हा तसंच झालं तर?"

खोटं बोलली असती तर सुटली असती. तिनं डोळे गच्च मिटले. "पुन्हा लावेन, बाई."

"मीपण," शेजारून आवाज आला.

"नजर ठेवायचं काम वेटरकाकांकडे होतं," बाई म्हणाल्या. "ते म्हणतात, त्यांचा चष्मा पडला होता, काहीच दिसलं नाही. चष्मा त्यांच्या नाकावर होता, हे मी वरून पाहिलंय. पण इतक्या वर्षांच्या माणसाला खोटारडा कोण म्हणेल? उचला ते गणवेश. पाहुणे म्हणून दोघंही नापास. पळा कामाला!"

दोघं पळालेच! कॉरिडॉरच्या टोकाला त्याला खाली भट्टीकडे वळायचं होतं, तिला वर खोल्यांकडे. दोघंही वळेनात.

"आता खरं सांग," तो म्हणाला. "इथं सगळ्यात जास्त काय आवडलं?"

आता कुणीच परीक्षा घेत नव्हतं. तरी तिला दरदरून घाम फुटला, कालच्यापेक्षा जास्त.

"सेवेतली तत्परता," ती त्याच्या बोटावरच्या रुमालाकडे बघत म्हणाली.

खळी पडली. "रुमाल धुऊन आणून देतो उद्या."

"नको!" ती दोन पायऱ्या चढली… थांबली… "देऊ नकोस. मी रोज मागायला येईन."