पांढऱ्याचा तोल

राक्षस बनवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी बनवलेला नसतो. मोठे दात, लाल डोळे, हजारभर जीव दिले की झालं, असा त्यांचा समज. असलं धूड टेबलावर आणा, तिसऱ्या फेरीत खेळणारे आडवे आणि चौथीला सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. जरा हात मऊ ठेवलात, तर चहा निवायच्या आत धुडाचा निकाल लागतो. खरं कसब मधल्या चिंचोळ्या जागेत आहे. समोरच्याला घाम फुटला पाहिजे, आता मेलो असं वाटलं पाहिजे, आणि मग तो जिंकला पाहिजे. मला हे जमतं. उगाच लाजू कशाला, तैवानातल्या या अख्ख्या शिन्चू शहरात माझ्याइतकं कुणाला जमत नाही.

आठवडाभर मी संगणकाच्या चिपच्या कारखान्यात मापं तपासते आणि रविवारी दुपारी दोन वाजता श्यूकाकांच्या दुकानात, माडीवर, खेळ चालवते. श्यूकाका निवृत्त गणितशिक्षक. घरी बसवेना म्हणून त्यांनी खेळांचं दुकान काढलं, आणि आता गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडून स्वतःच खेळत बसतात. दुसरा फान, दातांचा डॉक्टर, मुलखाचा बडबड्या. तिसरा यी-वेन, कॉलेजपासूनचा माझा दोस्त. अठरा वर्षं झाली.

खेळ म्हणजे तोंडी गोष्टच. गोष्ट मी चालवते, हे तिघं त्यातली माणसं होतात, आणि मारलेला घाव लागला की चुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येकाच्या माणसाला चाळीस जीव. संपले की तो आडवा.

यी-वेनची बदली अमेरिकेत झाली होती, अ‍ॅरिझोनात. बायको पेई-यिंग आणि सात वर्षांची निंग-निंग शाळेच्या तारखा साधायला ऑगस्टमध्येच पुढे गेल्या होत्या. तो डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी निघणार होता. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी बनवायला घेते. ठरवलं, याला जाताना असा एक राक्षस द्यायचा की जन्मभर सांगत सुटेल.

तो मला सुचला शेवयांच्या वाडीत. थंडीतल्या आमच्या वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळत घालतात, बांबूच्या चौकटींवर, पांढऱ्या पडद्यांसारख्या, रांगाच्या रांगा. मी सायकलवरून जात होते आणि एक क्षण वारा पडला. सगळे पडदे थांबले. सगळे थांबल्यावरही एक हलत होता. बस, मिळाला. वारा चालू असेपर्यंत जो शेवयांत मिसळलेला असतो आणि वारा पडला की दिसतो, असा. नाव ठेवलं पांढऱ्या.

मग तोल. एकट्या राक्षसाचं दुखणं हे की समोरचे तिघं तीनदा मारतात आणि तो एकदाच. म्हणून प्रत्येकाच्या घावानंतर पांढऱ्याचा एक फटकारा ठेवला. तिघांचे जीव मिळून एकशेवीस. फेरीला त्यांच्याकडून त्याचे सरासरी चौदा जाणार, त्याच्याकडून त्यांचे पंधरा. त्याला शंभर जीव दिले की सात फेऱ्या, आणि शेवटी तिघांत मिळून पंधराएक उरतील. चार संध्याकाळी मी गुणगुणत हे आकडे घासत होते. इतकी मजा मला वर्षभरात आली नव्हती.

त्या रविवारी डाव असा रंगला की विचारू नका. सातव्या फेरीत डॉक्टर आडवा, श्यूकाका आडवे, आणि यी-वेन एका जिवावर उभा. चाळीसातला एक. त्याने फासा टाकला, अठरा आला, पांढऱ्या कोसळला. यी-वेन खुर्चीवर चढला. श्यूकाकांनी मला मिठी मारली, आणि हा माणूस बायकोला कधी मिठी मारत नाही. खालचा सूपवाला जिन्यावरून बघायला आला की वर काय कोसळलं.

निघताना यी-वेन म्हणाला, "आ-रू, हा पुन्हा पाहिजे. तिकीट आठवडाभर पुढे ढकलतो."

मला आनंदच झाला. खोटं कशाला सांगू?

एक गोष्ट मात्र घरी जाताना खटकली. श्यूकाकांच्या खिडकीची झडप डिसेंबरात दिवसभर खडखडते, तिच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची आम्हाला सवय आहे. त्या दुपारी ती ऐकू आलीच नव्हती. सूपवाल्याला विचारलं, वारा पडला होता का. तो म्हणाला, कुठला पडतोय, माझी पाटी दोनदा उडाली.

पुढच्या रविवारी मी पांढऱ्याला एकशेतीस जीव दिले. डाव तोच तोच वाटू नये, एवढ्याचसाठी. दहा फेऱ्या चालला. शेवटी यी-वेन उभा, जीव एक. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा खुर्ची, पुन्हा तिकीट पुढे.

तिसऱ्या रविवारी सत्तरच दिले. डॉक्टर आल्या आल्या सांगत होता की पुढच्या रविवारी चुलतभावाचं लग्न आहे, तैनानला, तो यायचा नाही. त्या दिवशी शेवटी डॉक्टर उभा राहिला. जीव एक. आणि लग्नाला तो गेला नाही. आईला ताप आल्याची थाप मारली, आणि ती आम्हाला हसत हसत सांगितली. यी-वेनने तिकीट तिसऱ्यांदा ढकललं होतं, या वेळी मंगळवारवर.

आता, माझ्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. मापं थोडी इकडेतिकडे आली तर काळजी नको. सगळी अगदी सारखी आली, की आधी मापायचं यंत्र तपास, ते अडकलेलं असतं. मी फासे घरी नेले. मिठाच्या पाण्यात टाकून तरंगवले, एखादी बाजू जड असेल तर तीच खाली जाते. फासे निर्दोष होते. संगणकावर पांढऱ्याच्या दहा हजार लढाया लावल्या. कधी तिघं उरले, कधी कुणीच नाही, कधी बावीस जीव, कधी नऊ. जसं व्हायला हवं तसंच. एक जीव उरण्याचा हट्ट फक्त टेबलावर होता.

त्याच आठवड्यात पेई-यिंगचा फोन आला. निंग-निंगने विमानतळावर न्यायला म्हणून बाबांच्या नावाची पाटी रंगवून ठेवली होती. तीनदा तारीख खोडून पुन्हा लिहिली, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "तू त्याची मैत्रीण आहेस ना? मग त्याला पाठव." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की पांढऱ्याला चौथा फटकारा दिला तर काय बहार येईल.

तो विचार मी झटकला. मी मूर्ख नाही, आणि त्या घरातलं पोर माझ्या मांडीवर वाढलंय. निघायच्या तयारीत असलेल्यालाच हा प्राणी शेवटी उभा ठेवतो आणि अडकवतो, एवढं मला कळलं होतं. का, ते विचारू नका. उपाय सोपा होता. चौथ्या रविवारी मी पांढऱ्याला एक जीव दिला. एकच. पहिला घाव लागला की खलास, डाव दोन मिनिटांत आटपणार, सगळे हिरमुसणार, आणि यी-वेन मंगळवारच्या विमानात बसणार. आकडा पुठ्ठ्याच्या आडोशामागे होता, माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हता.

यी-वेनने फासा टाकला. दोन. चुकला.

डॉक्टर, पाच. चुकला. श्यूकाका, तीन. चुकला.

दुसरी फेरी, तिघंही चुकले. तिसरी, तिघंही. पांढऱ्याचे फटकारे बसत होते. डॉक्टर ओरडायचा थांबला होता, पण डोळे लकाकत होते. श्यूकाका हसू दाबत हिशेब पुटपुटत होते की असा दिवस वीस लाखांत एखादा.

झडप गप्प होती. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवरचे कपडे आडवे फडकत होते, ते मला दिसत होतं.

डॉक्टर आडवा.

श्यूकाका आडवे.

सलग सोळा घाव चुकले होते. यी-वेन उभा होता, जीव एक, पाळी पांढऱ्याची. मी आडोशामागे फासा टाकला.

सतरा.

अकराच्या पुढे काहीही आलं तरी लागतो. लागला होता. अखेर त्या एका जिवाचा हट्ट मोडला होता. यी-वेन हरला होता आणि मोकळा झाला होता, मला फक्त 'लागला' म्हणायचं होतं. मी मान वर केली. तिघं माझ्याकडे बघत होते, श्वास रोखून, आणि त्यांचे चेहरे इतके सुंदर दिसत होते.

"चुकला," मी म्हटलं.

आवाज माझाच होता, आणि तो आनंदाने कापत होता. खोटं बोलल्याची टोचणी लागायला हवी होती. नाही लागली. यी-वेनने बारा टाकला, पांढऱ्या मेला, आणि सगळ्यांत मोठी आरोळी मी ठोकली.

मंगळवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं.

मग गुरुवारी पेई-यिंग स्वतःच येऊन थडकली. निंग-निंगला चार दिवस शेजारच्या बाईंकडे ठेवून आली होती. सोमवारी सकाळची दोन तिकिटं, एक तिचं, एक त्याचं, पर्समध्ये छापून आणलेली. यी-वेन निमूटपणे बॅग भरायला लागला. मला हायसं वाटलं. रविवारी दुपारी ती त्याच्याबरोबर माडीवर आली, कोट न काढता दारातच उभी राहिली आणि श्यूकाकांना म्हणाली, "काका, बघू तरी द्या, माझ्या नवऱ्याला तुम्ही इथे काय खाऊ घालता ते."

मी साध्या चोरांचा डाव मांडला होता. चार चोर, एक बैलगाडी, पोरासोरांनीही जिंकावा असा. पेई-यिंगने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, हे नव्हे, मला तो दाखव, पांढऱ्या. यी-वेनने खुर्ची सरकवून दिली. श्यूकाकांनी तिला कुऱ्हाडवाली बाई बनवून दिली, चाळीस जीव. तिने आयुष्यात फासा हातात धरलेला नव्हता.

मी म्हणाले, "पेई-यिंग, नको. त्यापेक्षा खाली जाऊन सूप घेऊ."

"एकच डाव," ती म्हणाली. "मग आम्ही जातो."

सांगायला हवं होतं की पांढऱ्याच्या आकड्यांचा कागद घरी राहिला. पण मी तो आणला होता. आठवडाभर त्याच्यावर काम केलं होतं मी, चौघांचा हिशेब बसवून. चौघं येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या फेरीत तिने कोट काढला. तिसऱ्या फेरीत ती उभी राहून फासा टाकत होती. पाचव्या फेरीत यी-वेन आडवा झाला आणि तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर गेला. श्यूकाका गेले. झडप कधी थांबली होती कुणास ठाऊक.

कुऱ्हाडवाली बाई उभी होती. जीव एक.

फासा घरंगळत गेला आणि थांबला. एकोणीस.

पेई-यिंग किंचाळली, आणि मग हसली, तोंडावर दोन्ही हात धरून, तोंड लाल झालेली. लग्नातही मी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. आम्ही सगळे टेबलावर हात आपटत होतो. शांत झाल्यावर तिने केस मागे सारले, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "पुन्हा मांडायला किती वेळ लागतो?"

दहा मिनिटं, मी म्हटलं. कुणीही घड्याळाकडे बघितलं नाही. मी कागदावर नवे आकडे लिहायला घेतले, आणि हात भराभर चालत होता.

तेवढ्यात टेबलावर उपडा पडलेला पेई-यिंगचा फोन गुरगुरायला लागला. माझ्या जवळ होता म्हणून मी उलटून बघितला. निंग-निंग जिच्याकडे होती त्या शेजारच्या बाईंचं नाव होतं, आणि त्याआधी चुकलेले अकरा कॉल. चार वाजले होते, म्हणजे तिकडे रात्रीचा एक. मी पेई-यिंगकडे बघितलं. ती फासे ओंजळीत खुळखुळवत डॉक्टरला विचारत होती की कुऱ्हाड दोन हातांनी धरली तर जोर वाढतो का.

फोन थांबला, आणि लगेच पुन्हा सुरू झाला. लाकडावर फार आवाज करत होता. मी तो उचलला, श्यूकाकांच्या पाठीशी असलेल्या उशीमागे सरकवला आणि म्हटलं, "चला. वारा पडलाय."