खामगावचा समुद्र

खामगावच्या पोलीस ठाण्यात वैशाखातल्या एका दुपारी फोन वाजला आणि समुद्रातले सगळे मासे मेल्याची खबर आली.

फौजदार वामनरावांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तो आपल्या हद्दीत येत नाही, एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं. तसं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

"माह्या बैठकीतला समुद्र, वामनराव," पलीकडून आवाज आला. "मारणाराबी धरून ठेवला. सरकीच्या गोदामात कोंडला आहे. तुमी फक्त येऊन घेऊन जा त्याले."

आवाज पंजाबराव दादासाहेबांचा होता. दादासाहेबांच्या दोन जिनिंग फॅक्टऱ्या होत्या, तेलाची गिरणी होती आणि शंकरपटात बैल पळवून जिंकलेल्या ढाली ठेवायला वेगळं कपाट होतं. वामनरावांची हद्द ताबडतोब वाढली.

नवं राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गावात रेडिओ घरोघर झाले, जीपगाड्याही झाल्या, तेव्हा दादासाहेबांना काहीतरी निराळं हवं झालं. मुंबईच्या एका कापूसदलालाकडे त्यांनी खाऱ्या पाण्याची, समुद्री माशांची काचपेटी पाहिली. दलालाची पेटी तीन हात लांब होती. दादासाहेबांनी सहा हात लांब बांधायला घेतली.

सामान निवडताना त्यांनी कसूर केली नाही. दुकानदारानं चार वस्तू पुढे ठेवल्या, की सगळ्यात महाग असेल ती उचलायची, हा त्यांचा नियम होता. पाण्यात हवा सोडायचा विजेचा पंप विलायती. वाळूखाली बसवायची गाळणी विलायती. विलायतेच्या पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून पाणी गरम ठेवायची कांडीसुद्धा घेतली. खामगावात.

पाणी तेवढं देशी निघालं. समुद्राचं पाणी रेल्वेनं मागवा, असं कुणी सुचवल्यावर दादासाहेब हसले आणि पूर्णेकाठच्या एका खाऱ्या विहिरीचं पाणी बैलगाडीनं आणून त्यांनी टाकीत ओतलं. त्या खेपेचे मासे संध्याकाळ पाहू शकले नाहीत. तेव्हा पोलिसांना कुणी बोलावलं नव्हतं. विहीर दादासाहेबांनी स्वतः निवडली होती.

दुसऱ्या खेपेला पाणी मुंबईहून काचेच्या बरण्यांतून आलं आणि हिवाळाभर मासे मजेत होते. उन्हाळा लागला, तसं अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पाणी गार ठेवायचं यंत्र बसवलं. आणि आता हे.

वामनराव पोचले तेव्हा फाटकाबाहेर बघ्यांची गर्दी होती; बाजाराला आलेली धाड गावची माणसंही तीत होती. गर्दीच्या पुढे, धुळीत, एक संसार मांडलेला होता: चार पातेली, एक ट्रंक, पाटा-वरवंटा आणि त्यावर पदर तोंडाला लावून बसलेली एक बाई.

"हे कोणाचं?"

"शालिग्रामचं," दादासाहेब म्हणाले. "गडी माहा. वाड्यामागच्या खोलीत राहत होता. आता तो तुमच्या कोठडीत राहीन, हे बाई माहेरी जाईन. संध्याकाळी खोली दुसऱ्याले देऊन राह्यलो."

बैठकीत टाकी होती. मासे पोटं वर करून तरंगत होते. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. पंप इमानदारीनं बुडबुडे सोडत होता. टाकीच्या कोपऱ्यात तांब्याच्या नळीचं मोठं वेटोळं बुडालेलं होतं, लखलखीत. नळीचं एक टोक माडीवरच्या बर्फाच्या पिंपाला, दुसरं मोरीत; पाणी गार ठेवायचं यंत्र ते हेच. वेटोळ्याखालच्या पांढऱ्या वाळूवर हिरवट झाक होती.

शालिग्रामला गोदामातून आणलं. केसांत सरकीचे पुंजके अडकलेले.

"हात पाहा त्याचे," दादासाहेब म्हणाले.

नखं हिरवी होती.

"मोरचूद टाकलं यानं टाकीत. मळ्यात पोतं पडलं आहे. पोरीच्या साखरपुड्याले सुट्टी मागे. म्या म्हटलं, टाकी कोण पाहीन? त्याचा सूड घेतला."

"नखं काऊन हिरवी बे?" वामनरावांनी विचारलं.

"नळी घासतो साहेब. रोज काढून, चिंच लावून."

"रोज?"

"पाव्हण्याइले चमकलेली दिसली पाह्यजे म्हणे, दादासाहेब."

"मोरचुदाचं पोतं कुठं आहे?"

पोतं आणलं. त्याची शिवण दुकानातून आली तशी शाबूत होती. दादासाहेबांनी ती शिवण बराच वेळ निरखली आणि म्हणाले, की मग दुसरं काहीतरी टाकलं असेल. माणूस तोच.

वामनराव आतल्या ओसरीवर गेले. दादासाहेबांच्या पत्नी गोजरबाई तिथे मठ्ठा घुसळत होत्या. मासे मेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही लागलं नव्हतं.

"वहिनी, टाकी तुमाले आवडे का?"

"वाळ्याचे पडदे तिच्या खोलीले, बर्फ तिले. आमी चुलीपाशी. कायले आवडते भाऊजी?"

"मग तुमीच तर नाई मारले?"

"मले मारायचे असते तं तळून मारले असते."

वामनरावांनी हे उत्तर मान्य केलं.

"सगळे आजच मेले?"

"मासे आज दुपारी. पण आधी ते लहान खेकडे गेले. मंग ते फुलावाणी जे दगडाले चिकटून होतं, ते गळलं. मी म्हटलं बी ह्याइले, पाणी लागून राह्यलं त्याइले. कोण आयकते?"

"अखाजीच्या आधी का नंतर?"

"नंतर. यंत्र बसवल्यावर."

गोजरबाईंनी त्यांना मठ्ठा द्यायला समोरचा पितळी गडवा उचलला, आत पाहिलं आणि बाजूला ठेवला. "थांबा, यातून नाई देत. कल्हई उडाली याची. मठ्ठा कळकन." मग त्यांनी स्टीलचा पेला शोधला.

वामनरावांनी पेला तोंडाला लावला आणि तसाच थांबवला. थोड्या वेळानं त्यांनी तो संपवला, पण चव विचारली असती तर सांगता आली नसती.

बाहेर व्हरांड्यात एक उंच, काळासावळा माणूस बाकावर बसला होता. धाडचा भाऊराव. बारा वर्षं बोटीवर नोकरी करून गावी परतलेला, इंजिनं-पंप दुरुस्त करणारा. यंत्र त्यानंच बसवलं होतं. जिल्ह्यात समुद्र पाहिलेला माणूस म्हणून दादासाहेबांनी त्या कामाला त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"कधी आले?"

"सकाळच्या एसटीनं."

"मासे तं दुपारी मेले."

"हाव. सहज आलो होतो, यंत्र पाहाले."

"भाऊराव, म्या समुद्र पाह्यला नाई. कसा असते?"

भाऊराव प्रथमच हसला. मग तो बोलत राहिला. लाटा, वारा, मळमळ. बंदरात बोट उभी राहिली, की तळाला चिकटलेली कालवं खरडायचं काम. हात सोलून निघत. जुन्या लाकडी बोटींना तळाशी तांब्याचा पत्रा मारलेला असे, त्या आल्या की खलाशी खुश, कारण त्यांना काही चिकटतच नसे. मग बंदरातली खानावळ आणि तिथला भात.

"बैलजोडी कशी आहे तुमची?"

हसू गेलं. "जोडी नाई आता. एकच आहे."

हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. माघात धाडच्या शंकरपटात भाऊरावाचा मोऱ्या दादासाहेबांच्या जोडीपुढे पळता पळता कोसळला आणि तिसऱ्या दिवशी मेला. बैल काळजाचा कच्चा होता, असं दादासाहेबांनी ढाल घेताना सांगितलं होतं. ते वाक्य पुढे बाजारात, पारावर, एसटीत सगळीकडे फिरलं.

वामनरावांनी सर्वांना बैठकीत बोलावलं. दादासाहेब आरामखुर्चीत बसले, गोजरबाई दारात, शालिग्राम भिंतीशी. भाऊराव टाकीजवळ उभा राहिला. खिडकीबाहेर बघ्यांची डोकी एकावर एक जमली.

"मोरचूद टाकीत होतं," वामनराव म्हणाले. "पण पोत्यातलं नाई. मोरचूद म्हणजे तांब्याचंच इख. वहिनी मठ्ठा बिनकल्हईच्या गडव्यात काऊन ठेवत नाई? आंबट अन् खारं तांब्या-पितळेले लागलं का कळकते. इथं तं खाऱ्या पाण्यात तांब्याची एवढी मोठी नळी रात्रंदिवस बुडवून ठेवली. वरून रोज चिंच लावून घासली, म्हणजे तांबं रोज नवं उघडं. त्याचा हिरवा रंग वाळूवर आहे, शालिग्रामच्या नखाइत आहे. आधी नाजूक जीव मेले, खेकडे अन् ते फूल. मासे शेवटी."

"म्हणजे अपघात," दादासाहेब म्हणाले.

"नळी कोणी निवडली?"

"म्या. भाऊराव तीन नळ्या घेऊन आला होता. काचेची, रबराची अन् हे."

"काय म्हणाला तो?"

दादासाहेब जरा आठवू लागले. "काचेची सस्ती आहे, रबराची तं कोणीबी घेते म्हणे. तांब्याची परवडणार नाई कोणाले."

"भाऊराव, तुमच्या घरी असा समुद्र असता तं तुमी कोणती घातली असती?"

"काचेची," भाऊराव शांतपणे म्हणाला.

"काऊन?"

"तांब्याले समुद्रातलं काही जितं राहत नाई. बोटीच्या तळाची गोष्ट सांगतली ना तुमाले."

"मुद्दाम सांगतली?"

"मंग काय. तुमी समुद्र पाह्यला नाई, म्हटलं थोडी मदत करावं. खेकडे मेल्याचं कानावर आलं, म्हणून सकाळपासून इथं बसलो होतो, मासे मरताना पाहाले. त्याचं थोबाड पाहाले."

दादासाहेब उठले. त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. "वामनराव, आयकलं तुमी. कबूल केलं त्यानं. घाला आत."

"घालतो. पण या बिचाऱ्या शालिग्रामले कोंडलेलं पाहून तुमी गप्प काऊन बसले, भाऊराव?"

"बिचारा?" भाऊराव शालिग्रामकडे न पाहता म्हणाला. "पटाच्या आधल्या दिवशी माह्या मोऱ्याले गुळाचा लाडू कोणी चारला, इचारा त्याले. धोतऱ्याच्या बिया होत्या त्यात. बसू द्या गोदामात, म्हटलं, एक दुपार. माहा बैल तीन दिवस पाय झाडत पडला होता."

शालिग्रामनं मान खाली घातली.



"हे पाहा दादासाहेब," वामनराव अतिशय सौम्यपणे म्हणाले, "तक्रार लिहायची तं भाऊरावानं मासे काऊन मारले, हे लिहा लागते. मग बैल येते. मासे मारले तं कलम दोन वर्षांचं. बैल मारला तं पाच वर्षांचं."

दादासाहेब खाली बसले. मग म्हणाले, "ऊन लय आहे यंदा. उन्हानं मेले असतीन मासे."

"उन्हानं नाई मेले," भाऊराव म्हणाला. "म्या मारले. लिहा साहेब. मले कोर्टात न्या. तिथं सांगतो सगळं, माहा बैल कच्चा नव्हता ते."

"तक्रार माही आहे. मले द्यायची नाई," दादासाहेब म्हणाले. मग ते शालिग्रामकडे वळले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "जाय रे, भांडे आत आन. पोरीच्या साखरपुड्याले चार दिवस जास्त घे."

भाऊरावाचे खांदे पडले. त्यानं टाकीकडे पाहिलं. एवढं जमवून आणलेलं काम, आणि ज्याला लागायला हवं होतं तो आरामखुर्चीत बसून उन्हाला नावं ठेवत होता.

शालिग्राम जागचा हलला नाही. खिडकीतून फाटकाबाहेरचा त्याचा संसार दिसत होता. बायकोनं अजून पदर तोंडावरून काढला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "माशाची तक्रार यांची आहे, ते नका लिहू. बैलाची लिहा. गूळ म्या चारला. बिया दादासाहेबाईनं देल्ल्या, याच खुर्चीत बसून."

"तू बी आत जाशील बे," वामनराव म्हणाले.

"जातो. आजच जाणार होतो, न केलेल्याले. त्यापेक्षा केलेल्याले बरं."

दादासाहेबांनी तोंड उघडलं, पण काही निवडायला समोर उरलं नव्हतं.

शालिग्राम हलक्या आवाजात सांगू लागला. भाऊरावानं त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं, मग खिडकीकडे गेला आणि वाळ्याचा पडदा पुरता वर गुंडाळला.

"जोरानं सांग," तो म्हणाला. "बाहीर धाडचे लोक उभे आहेत."