डाव्या हाताची नोंद

कौशल्य विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या भिंतीआड, सुगंधा पोवार वेल्डिंगने पोलादी नळ्यांचा जोड भरत होती. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत एक पातळ पट्टी बांधलेली होती आणि डोक्यावर तारांची टोपी होती. भिंतीपलीकडे डॉ. निरंजना केळुसकर आणि प्राचार्य टिळेकर पडद्याकडे पाहत उभे होते. सुगंधाच्या नोंदीचा तो एकविसावा आणि शेवटचा दिवस होता.

"हे नेमकं कुठून येतं?" टिळेकरांनी विचारलं.

"अनुमस्तिष्कातून. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर," केळुसकर म्हणाल्या. "हात हलण्याआधी अनुमस्तिष्क भाकीत करतं, की आता असं हलवलं तर असं होईल. तसं झालं नाही, तर चुकल्याचा संदेश परत येतो आणि पुढचं भाकीत सुधारतं. एकतीस वर्षं हे चाललं, की चुका जवळजवळ संपतात आणि मुरलेली हालचाल उरते. आपण ती टिपतो, तिच्यातल्या उरल्यासुरल्या चुका गाळतो, आणि तशाच पट्टीतून उलट वाहवून, म्हणजे पुनर्वाहनाने, विद्यार्थ्याच्या मज्जातंतूंत सोडतो."

"म्हणजे सहा आठवड्यांत एकतीस वर्षांचा हात."

"आणि तोही वर्गात बसून."

सुगंधाने तोंडावरची काळी काच वर केली. जोडावर जमलेली जळकी खपली ठोकून काढली, बोट न लावताच कडेने नजर फिरवली आणि हातमोजे काढले. साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडण्यापासून तिने सुरुवात केली होती. शाळा आठवीत सुटली. कागदोपत्री ती कायम मदतनीसच राहिली, आणि तिच्या जोडांवर सह्या दुसऱ्यांच्या झाल्या.

पुढच्याच महिन्यात नवा नियम आला. कोकणातून घाट चढून कोल्हापूरकडे येणाऱ्या हायड्रोजन वाहिनीवर यापुढे फक्त विद्यापीठाचे प्रमाणित जोडारी काम करतील. परीक्षा यंत्र घेणार होतं. उमेदवाराचा हात प्रमाण नोंदीशी, म्हणजे सुगंधाच्याच नोंदीशी, नव्वद टक्के जुळला, की पास. सुगंधा परीक्षेचा अर्ज मागायला टिळेकरांकडे गेली.

"दहावी हवी, सुगंधाबाई," ते सौम्यपणे म्हणाले. "आणि वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हात आता आमच्याकडे आहेच."

"हात माझ्याकडंच हाय, सर," सुगंधा म्हणाली. "तुमच्याकडं त्याचा फोटो हाय."

तेहेतीस विद्यार्थी पहिल्या तुकडीत पास झाले. सगळ्यांत वर होती ऋजुता भोसेकर, सत्त्याण्णव टक्के. प्रयोगशाळेतल्या बाकावर तिचा जोड आणि सुगंधाचा जोड शेजारी ठेवले, तर कुणाचा कोणता ते केळुसकरांनाही सांगता आलं नसतं.

तुकडी घाटात उतरली आणि चौथ्या दिवशी घोटाळा झाला. वर्गातल्या नळ्या स्वच्छ, सरळ, दोन तोंडांतली फट सगळीकडे सारखी. घाटातल्या खंदकात ऊन चढलं, तशा नळ्या तापून किंचित वाकल्या, कुठे फट नखभर रुंदावली, वरून वारा आडवा येऊ लागला. ऋजुताला काचेतून दिसत होतं, की धातू जास्त वितळतोय, आता हात उचलायला हवा. हात उचलला गेला नाही. त्याने वर्गातल्याच वेगाने पुढची दीड इंच वाट पुरी केली. नळीला भोक पडलं आणि तापलेला रस तिच्या बाहीतून आत ओघळला.

त्या आठवड्यात एक्स-रेखाली चव्वेचाळीस जोड सदोष निघाले. तेहेतीस वेगवेगळ्या माणसांची चूक अगदी सारखी होती.

ऋजुताला हॉस्पिटलमधून सोडलं, तशी ती हाताला पट्ट्या असतानाच सुगंधाचं घर शोधत आली. केळुसकरही तिच्यासोबत आल्या होत्या.

"मावशी, मी थांब म्हणत होते," ऋजुता म्हणाली. "हात ऐकतच नव्हता. दुसऱ्या कुणाचा असावा तसा."

"व्हता की. माझा व्हता." सुगंधाने तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन उलटा सुलटा पाहिला. "पर मी तिथं असते, तर मी तसं केलं नसतं."

केळुसकरांनी मान हलवली. "माझी चूक आहे ती. या मुलांच्या अनुमस्तिष्काने कधी भाकीत केलंच नाही, त्यामुळे ते कधी चुकलंही नाही. चुकलं नाही म्हणून त्याला सुधारायचं कसं तेच कळलेलं नाही. आम्ही त्यांना उत्तर दिलं, पण तिथवर यायची वाट गाळून टाकली. सुगंधाताई, तुम्ही पुन्हा नोंद द्याल? या वेळी खंदकात. वाऱ्यात, वाकड्या नळीवर, सगळ्या तऱ्हांनी."

"किती तऱ्हा घ्याल, मॅडम? रोज नवी निघती."

तिने ऋजुताचा हात अलगद खाली ठेवला. मग म्हणाली, "उजवा हात देणार न्हाई. डावा देते."

"डाव्याने तुम्हाला येतं?"

"अजिबात न्हाई. म्हणूनच. शिकते पहिल्यापासनं. पट्टी पहिल्या दिवशी बांधा आणि त्यातलं एक टिंबसुद्धा गाळू नका."

केळुसकरांना तिचं म्हणणं उमगलं. मुरलेल्या हालचालीऐवजी मुरण्याचीच नोंद. काय वाटलं होतं, काय झालं, मग हाताने काय बदललं, हे सगळं चुकांच्या संदेशांसकट. आपल्याला हे सुचलं नाही याची त्यांना लाज वाटली.

टिळेकर तयार नव्हते. "विद्यापीठ मुलांना वाईट जोड शिकवणार?" पण वाहिनीची कंपनी काम काढून घ्यायच्या गोष्टी करू लागली होती. तुकडीची प्रमाणपत्रं तपासापुरती रद्द झाली होती, तरी शिकाऊ म्हणून खंदकात काम करायची सवलत होती. शेवटी त्यांनी संमती दिली. "परीक्षा मात्र आहे तीच राहील," ते म्हणाले. "प्रमाण बदलणार नाही."

नऊ आठवडे सुगंधा डाव्या हाताने शिकली. पहिल्या दिवशी रॉड नळीला चिकटला, तो सुटेना. मनगट भाजलं. चौपन्नाव्या वर्षी आपले जोड पाहून तिला हसू आलं, मग दोन दिवस रडूही आलं, आणि पट्टी सगळं टिपत राहिली. सहाव्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की उजव्या हाताने इतकी वर्षं एका ठिकाणी ती उगाच घाई करत होती. डाव्याला ती घाई जमेना, म्हणून तिने दुसरी रीत काढली, आणि ती रीत बरी निघाली.

ती नोंद मिळाल्यावर तेहेतीस जणांचे हात बिघडले. प्रयोगशाळेतले त्यांचे जोड पाहून टिळेकरांनी त्यांचे फोटो काढून ठेवले. पण खंदकात वारा आडवा आला, की ऋजुताचा हात आता थांबत होता. तो चाचपायचा, चुकायचा, मागे यायचा. सुगंधाही शिकाऊ म्हणूनच आपल्या वाट्याचे जोड भरायची; उरलेला वेळ ती खंदकाच्या काठावर बसून असायची आणि फारसं बोलायची नाही. उंच मुलगा वरून रॉड धरू लागला, डावखुरी मुलगी नळीच्या पलीकडून जाऊ लागली. महिन्याभराने एक्स-रेवाला म्हणू लागला, की आता फिल्म पाहून जोड कुणाचा ते ओळखता येतं. सदोष जोड कमी होत गेले. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी, घाटाच्या त्या टप्प्यातले दोनशे सोळा जोड भरून झाले आणि एकातही खोट नव्हती.

मग पुन्हा तीच परीक्षा झाली.

केळुसकरांनी हट्ट धरून सुगंधाचंही नाव घालून घेतलं. यंत्राने प्रत्येकाचा हात प्रमाण नोंदीशी ताडला. ऋजुता अडतीस टक्के. उंच मुलगा पस्तीस. तेहेतीसच्या तेहेतीस नापास. सुगंधा शेवटी बसली आणि तिने उजव्या हाताने जोड भरला. पडद्यावर आकडा आला, एक्केचाळीस.

टिळेकरांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी दोनदा तपासून घेतलं.

"यंत्र बरोबर आहे," केळुसकर म्हणाल्या. "एक हात शिकला, की दुसऱ्याचीही भाकितं बदलतात. अनुमस्तिष्काच्या दोन्ही बाजू एकमेकींना कळवत असतात. ती नोंद झाली तेव्हाच्या सुगंधाताई आता नाहीत. सर, जो काम करत शिकत राहील, तो या प्रमाणापासून रोज लांबच जाणार. ही परीक्षा फक्त न शिकणाराच पास होऊ शकतो."

टिळेकर माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापुढे नियम होता. "उपाय सोपा आहे," ते मुलांना म्हणाले. "जुन्या नोंदीचं एक पुनर्वाहन घ्या. सहा तास. सगळे पुन्हा नव्वदच्या वर जाल. सुगंधाबाई, तुम्हीसुद्धा."

सभागृहात प्रत्येक खुर्चीवर एकेक पट्टी ठेवलेली होती. ऋजुताने आपली उचलली. बाहीखालचा भाजल्याचा वण तिला दिसत होता. प्रमाणपत्र नसेल, तर गावी परत जाऊन काय सांगायचं, हेही तिला दिसत होतं. तिने पट्टीची घडी घातली आणि ती टिळेकरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"सर, हा हात मी स्वतः कमावलाय," ती म्हणाली. "तो पुसून पास व्हायचं नाही मला."

एकामागून एक बत्तीस घड्या टेबलावर येऊन पडल्या, आणि शेवटी सुगंधाची.

आठवड्याने वाहिनीची दाबचाचणी लागली. घाटातला टप्पा दोन्ही टोकांनी बंद करून त्यात दाब भरला गेला. चोवीस तासांनी, सकाळी दहाला, कंपनीचे अभियंता बेलवलकर कागद घेऊन आले. टप्पा ताब्यात घ्यायचा, तर जोड भरणाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या, आणि सहीशेजारी प्रमाणपत्र क्रमांक.

सुगंधाने पेन घेतलं. एकतीस वर्षांत तिच्या जोडावर तिची सही कधी झाली नव्हती. तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं: नापास, ४१ टक्के. मग पेन ऋजुताकडे दिलं. ऋजुताने लिहिलं: नापास, ३८ टक्के. पेन पुढे गेलं.

बेलवलकरांनी भरलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "बाई, हे असं चालणार नाही."

"मग जोड कापा," सुगंधा म्हणाली. "कुठनं सुरू करायचं ते सांगा, मी दाखवते."

बेलवलकरांनी दाबमापकाकडे पाहिलं. काटा काल सकाळी जिथे होता, तिथेच होता. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सगळ्यांच्या खाली सही केली.