काविकचं नाव घेऊन

आनाला बेटावर एक नाव पोचवायचं होतं, आणि तेही आजच!

साहलेनबुर्गच्या जर्मन किनाऱ्यावर सुकन्या अनवाणी उभी होती. ओहोटीनं समुद्र पार आत ओढून नेला होता, आणि उघड्या पडलेल्या चिखलापलीकडे, लांबवर, नॉयवेर्क बेटाचा ठिपका दिसत होता. तिथं लियाला मुलगी झाली होती. लिया सुकन्याची कार्ल्सरूहेच्या ऑफिसातली जुनी मैत्रीण; आता ती नवऱ्याबरोबर बेटावर राहायची. आना ही लियाची आजी, अलास्काच्या उत्तर टोकाच्या इनुपियाक लोकांतली. तिकडच्या वादळात विमानं अडकली, आनाची निम्मी रजा तिथंच संपली, परवा परतीचं विमान, म्हणजे उद्या निघायलाच हवं. आणि आज बोट बंद! म्हणून ओहोटीत पायीच बेट गाठायचं ठरलं.

आनाचा मुलगा काविक, म्हणजे लियाचे वडील, समुद्रावरच्या बर्फावर शिकारीला गेला तो परत आलाच नाही. आनाच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात. मुलगा असो वा मुलगी, मग ते बाळ त्या माणसाच्याच नात्यानं वाढतं. सुकन्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या मुलाचं पाळण्यातलं नाव आजोबांचं, श्रीधर. त्यामुळे सासूबाई ते कधी तोंडानं घेत नसत. नातवाला रागवायचं झालं तरी, "अहो, पसारा आवरा!"

निघायला मात्र उशीर झाला, आणि त्याचं श्रेय सुकन्याच्या नवऱ्याला, हृषिकेशला. आधी पोटोबा, मग विठोबा! "न खाता निघायचं नाही," म्हणत त्यानं हॉलिडे-फ्लॅटमध्ये पोहे केले, वर डबाही भरला. आनानं दोनदा मागून घेतले.

पहिला टप्पा मजेत गेला. वाट दाखवायला चिखलात काटक्यांच्या जुड्या रोवलेल्या होत्या. एका ठिकाणी उंच खांबावर, भरतीत अडकलेल्यांसाठी, सुटकेचा पिंजराही लागला. पायाखाली गार, मऊ रेती, मध्येच शिंपल्यांची टोचणी, आणि वर ओरडत जाणारे पक्ष्यांचे थवे. सुकन्यानं सह्याद्रीतले बरेच सुळके सर केले होते. हा सपाट चिखल म्हणजे तिला बागेतला फेरफटका वाटत होता.

आणि धुकं आलं!

आधी बेट गेलं. मग पुढची जुडी गेली. चाचपडत ते पुढे सरकले, तोच वाट तुटली. समोर खाडीसारखा ओहोळ होता, आणि त्यातलं पाणी उलटं, किनाऱ्याकडे धावत होतं.

"भरती सुरू झाली!" हृषिकेश ओरडला.

"मांडीपर्यंतच असेल पाणी," सुकन्या म्हणाली. "पलीकडे बेट आलंच! आना, हात धरा. जाऊया?"

आनानं नाक मुरडलं. एव्हाना दोघांना कळलं होतं, भुवया उंचावल्या की हो, नाक मुरडलं की नाही.

"अहो, पण तुमचं विमान! नाव राहून जाईल!"

"काविकही असंच म्हणाला असेल," आना शांतपणे म्हणाली. "बर्फात एकच भेग, पलीकडे घर."

सुकन्यानं पुढे टाकलेला पाय मागे घेतला. ऊर भरून आला, रागही आला. पण शिर सलामत तर पगडी पचास!

"मागे फिरा! मघाशी तो पिंजरा लागला होता ना, त्यावर!" ती म्हणाली.

ते पळाले. पाणी घोट्याला लागलं. पोटरीला! एक जुडी, दुसरी... आणि धुक्यातून उंच खांबावरचा सुटकेचा पिंजरा पुढे आला. हृषिकेश आधी चढला. सुकन्यानं आनाला खालून रेटलं. शिडीच्या खालच्या पायऱ्या बघता बघता बुडाल्या.

हृषिकेशनं बचाव पथकाला फोन लावला. पलीकडून हुकूम आला: हलू नका, पाणी उतरलं की गाडी येईल. मग लियाचा फोन आला. ती रडत होती. "आना, नाव आत्ताच दे ना, फोनवर!"

आनानं पुन्हा नाक मुरडलं. "हातात घेऊन देईन."

खाली समुद्र खळाळत होता आणि वर तिघं डब्यातले गार पोहे खात होते. "उशीर तुझ्यामुळेच झाला," सुकन्यानं हृषिकेशला सुनावलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर! आणि जेवतेयस कुणामुळे?"

आना खळखळून हसली. "काविक असाच. उलट उत्तरं द्यायला पटाईत."

संध्याकाळी पाणी उतरलं, धुकं विरलं. घोड्यांची उंच गाडी पाणी उडवत आली, आणि ओहोळ ओलांडून तिघांना घेऊन बेटावर पोचली.

दारातच लियानं बाळ पुढे केलं. आता आना रडणार, असं सुकन्याला वाटलं. तिचे स्वतःचे डोळे तर केव्हाच भरले होते. आनानं हात पुसले, मुलीला छातीशी धरलं आणि कानाशी तोंड नेलं.

"काविक. आलास? माझ्याही वाटेत पाणी आलं होतं. मी थांबले. तूही थांबायचं होतंस, बाळा."

मुलीनं लाल होत भोकाड पसरलं!

आनानं भुवया उंचावून सगळ्यांकडे पाहिलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"बघा," ती म्हणाली, "अजून उलट उत्तरं देतोय."