मधाच्या रंगाचं तेल

"पंख्याला हात लावायचा तो इंजिन चालू आहे असं समजूनच. किल्ली माझ्या खिशात असली तरी!"

तिला विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांचा तो खर्जातला आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. म्हणून तर त्या भणभणत्या वाऱ्याच्या सकाळी एक परका माणूस हँगरच्या दारात, छोट्या विमानाच्या पंख्यावर कोपर टेकून खुशाल उभा दिसला, तेव्हा ती जवळजवळ किंचाळलीच –

"अहो, हात काढा! काढा आधी!"

तो दचकून मागे सरला. "नमस्कार करायची ही पद्धत नवीनच दिसते."

"हात गेल्यावर नमस्कार कशाने करणार होतात?"

तो हसला. वाऱ्याने कपाळावर आलेले केस त्याने मागे सारले… आणि ती उगाचच पान्हे मोजायला लागली.

तो वैमानिक होता. विमान एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. गुडघ्यांमुळे त्यांचं उडणं सुटलं होतं, तेव्हा सगळा कारभार याच्याकडे. विमान राहायचं तासाभराच्या अंतरावरच्या एका धावपट्टीवर, आणि दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर तेल बदलायला, इंजिन तपासायला इथे यायचं. तासांचं मीटर बिघडून दुरुस्तीला गेलं होतं ते परत यायचं नाव घेत नव्हतं. त्यामुळे तो चिठ्ठीवर लिहून देईल तेवढे तास ती इंजिनाच्या वहीत चढवायची आणि खाली सही करायची.

त्या दिवशी मदतीला कोणी नव्हतं. सिलिंडरमध्ये हवा भरून दाब बघायचा, तर पंखा दुसऱ्या कुणीतरी घट्ट धरून ठेवावा लागतो.

"दोन्ही हातांनी धरा. मी हवा सोडतेय."

"धरलंय. सोडणार नाही."

"मी पंख्याबद्दल बोलतेय."

"मीही… पंख्याबद्दलच."

धुराच्या नळीला कान लावून ती हवेची गळती ऐकत होती. खरं तर तिला स्वतःच्याच छातीतली धडधड ऐकू येत होती.

"डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल ना?"

"पेशंट ठणठणीत आहे. नातेवाईकच जरा आगाऊ आहेत."

इतरांची विमानं तीन-तीन महिन्यांनी यायची. हा सात आठवड्यांत परत हजर! मग पुन्हा सहा आठवड्यांत. विमानं रंगवणारे पेंटरकाका ब्रश हलवत लांबूनच ओरडायचे, "पाहुणे आले गं! या माणसाला घरदार आहे की नाही?"

"पन्नास तास झाल्याशिवाय तुझं दार उघडत नाही," तो एकदा हळूच म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. "म्हणून उडत राहतो… दुसरं काय करू?"

तेवढ्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस जगली. माझ्यासाठी कुणी आभाळ पालथं घालतंय! घरी आई म्हणायची, "ग्रीस पुसायलाच जातेस ना? मग वेणी दोनदा का घातलीस?"

चौथ्या खेपेला काढलेलं तेल तिने बाटलीत घेऊन उजेडात धरलं. मधाच्या रंगाचं, नितळ. पन्नास तास चाललेलं तेल काळं पडतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तो शेजारी उभा होता, बाटलीतून आरपार तिच्याकडेच बघत.

"किती निरोगी इंजिन आहे!" ती म्हणाली. आणि देवाचं नाव घेऊन सही केली.

पाचव्या खेपेला तो आला तो उड्या मारतच. मोठ्या कंपनीने निवड केली होती. प्रवाशांची विमानं, दूरचं शहर.

"कंपनीला लागतात तेवढे उड्डाणाचे तास पुरे झाले माझे! माझ्या तासांशी तुमच्या वहीतले तास जुळतात एवढं एक पत्र हवंय, तुझ्या सहीचं. मग तिकडे दोन खोल्यांचं घर… मी, आणि…" तो थांबला. "आणि कोण, ते तू सांग."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान खाली घालून तिने तेलाचा फिल्टर कापायला घेतला. कागदाच्या घड्या उलगडून त्यावरून लोहचुंबक फिरवलं, तर चुंबकाला बारीक चमचमता चुरा दाटून चिकटला. इंजिनाचं एक झाकण उघडून तिने टॉर्च आत धरला, तर आत तांबूस गंजाचे डाग. शेजारच्या भांड्यात तेल… पुन्हा मधाच्या रंगाचं.

"हे झिजलेलं नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "गंजलंय. महिनोन् महिने उभं राहून."

ती त्याच्याकडे वळली.

"किती तास उडालास?"

"चिठ्ठीवर आहेत की."

"खरे किती?"

"…नऊ."

"आणि त्याच्या आधीचे?"

"सगळेच वाढवतात गं! कोण बघतं?"

"त्याखाली माझी सही आहे."

तो जवळ आला. "तास खोटे होते. येणं खोटं नव्हतं."

एरवी या वाक्यावरून तिने जीव ओवाळून टाकला असता. "मग नुसतंच यायचं होतंस," ती म्हणाली. "दार कधी बंद होतं?"

त्याने मान फिरवली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हे बाहेर आलं तर तुझाही परवाना जाईल."

हे काळजीने बोलला की धाक घालायला? तिला कळेना. आणि कळत नाही, हेच जास्त लागलं.

"विमानांच्या तपासणी कार्यालयात तू स्वतः जाऊन सांग," ती म्हणाली. "सोमवारी दहापर्यंत मी कुणाकडे तोंड उघडणार नाही. तू गेला नाहीस, तर दहाला मी निघेन."

"धमकी देतेस?"

"वचन देतेय."

पंख्याला 'उडवू नये'ची लाल पट्टी बांधून तिने विमान तिथेच अडकवून ठेवलं. तो बसने परत गेला. ती फाटकापर्यंत सोडायला गेली नाही… फक्त बस दिसेनाशी होईपर्यंत खिडकीत उभी राहिली.

शनिवार, रविवार तिने नेहमीप्रमाणे पूजा केली. मागणं मात्र एकच: त्याला बुद्धी दे, त्याला कार्यालयात जाऊ दे.

सोमवारी सकाळी तिने कार्यालयात फोन करून विचारलं. कुणी आलं नव्हतं. पावणेदहाला त्याचा निरोप आला.

'तू जाणार नाहीस. मी ओळखतो तुला.'

तिने तो दोनदा वाचला. सहा महिन्यांत याने आपल्याला एवढंच ओळखलं? डोळे कोरडेच राहिले.

दहाचे ठोके पडले. तिने साबणाने हात धुतले, इंजिनाची वही काढली, आणि स्वतःच्या चारही सह्यांच्या पानांत कागदाच्या खुणा घातल्या.

"भर कामाच्या वेळी कुठे गं?" पेंटरकाकांनी विचारलं.

"कार्यालयात जाऊन येते, काका."

वही छातीशी धरून ती उन्हात बाहेर पडली.